विमानाचा कासरा

बारामती-इंदापूर पट्ट्यातल्या माणसाला विमानाचे फारसे अप्रूप राहिलेले नाही. बारामतीच्या एमआयडीसीच्या बाजूला, कटफळ-गोजुबावीच्या माळावर धावपट्टी झाली, वैमानिक घडवणाऱ्या संस्था आल्या आणि शिकाऊ विमानांच्या गिरक्या आमच्या उसाला आणि द्राक्षबागांना सवयीच्या झाल्या. खुरपणाऱ्या बायका मान वर करूनसुद्धा बघत नाहीत. अपवाद २५ जुलै २०२२ चा. त्या दिवशी बारामतीहून निघालेले एक शिकाऊ विमान इंदापूर तालुक्यात कडबनवाडीच्या शेतात कोसळले. गावकरी मदतीला धावले. आत एकच शिकाऊ वैमानिक तरुणी होती, ती जखमी झाली, पण जिवावरचे निभावले. त्या अपघाताची कारणे हा वेगळा विषय. मात्र तेव्हापासून एक गोष्ट इकडच्या पोराबाळांनाही पक्की ठाऊक झाली, की आकाशात जे उडते ते कुणाच्या तरी शेतात पडू शकते.

हे सांगायचे कारण असे, की ज्या मुलांच्या डोक्यावरून रोज विमान जाते त्यांना एक ना एक दिवस स्वतःचे विमान करावेसे वाटतेच. मी इंदापूर तालुक्यातल्या एका शाळेत विज्ञान आणि कार्यानुभव शिकवत होतो. निवृत्त झालो तरी दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत दोन-चार मुले दाराशी येतातच. "सर, रिमोटचं विमान करायचंय." मोटर कितीची, रिमोट किती लांब चालतो, वेग किती, खर्च किती, सगळे प्रश्न विचारून होतात. एक प्रश्न मात्र आजवर कुणी पहिल्या दिवशी विचारलेला नाही : रिमोटवरची कांडी हलवली की विमानाची शेपटी हलते, ती नेमकी कशाने?

ती हलते एका तारेने. जाडी फार तर दीड-दोन मिलिमीटर, लांबी वीतभर ते हातभर. बैलाला जसा कासरा, तशी विमानाला ही तार. महागडा रिमोट, जोरदार मोटर, घोटून गुळगुळीत केलेले पंख, हे सारे त्या तारेच्या दोन टोकांवर विसंबून असते.

पंखांच्या तीन झडपा

विमानाला वळवायला तीन झडपा पुरतात. शेपटीच्या आडव्या पट्टीमागे असते ते एलिव्हेटर. ते वर उचलले की नाक वर, खाली दाबले की नाक खाली. शेपटीच्या उभ्या पट्टीमागे असतो तो रडर, म्हणजे होडीचे सुकाणूच. आणि दोन्ही पंखांच्या टोकांशी, मागच्या कडेला असतात ती एलेरॉन. फ्रेंच भाषेत या शब्दाचा अर्थ 'छोटा पंख'. उजवे एलेरॉन वर गेले की डावे खाली जाते आणि विमान उजवीकडे कलते. राईट बंधूंच्या १९०३ च्या विमानाला एलेरॉन नव्हती. ते तारांनी ओढून अख्खा पंखच पिळत असत. पंख पिळा किंवा झडप हलवा, ओढणारी तार तेव्हाही होती आणि आजही आहे.

छोट्या विमानात ही तार ओढतो तो सर्वो. काड्यापेटीहून लहान डबी, वजन नऊ ग्रॅमच्या आसपास. आत इवलीशी मोटर, दातेरी चाके आणि आपण किती फिरलो हे ओळखणारा एक भाग. रिमोटकडून हुकूम आला की तो तेवढाच फिरतो आणि तिथेच घट्ट थांबतो. त्याच्या डोक्यावर भोके असलेली एक पट्टी, तिला आर्म म्हणतात. झडपेवर एक उभा खुंट, तो हॉर्न. आर्म आणि हॉर्न यांना जोडणारी तार म्हणजे पुशरॉड आणि तिच्या टोकाची चिमट्यासारखी कडी म्हणजे क्लेव्हिस. या सगळ्या जोडणीला मिळून लिंकेज म्हणतात.

हे सारे विकत मिळते, पण आमच्याकडची मुले विकतवर थांबणारी नव्हेत. सायकलचा स्पोक ही फार चांगली तार आहे. पोलादी, सरळ आणि एका टोकाला आटे आयतेच पाडलेले. लहान विमानाला पतंगाच्या कामटीची काडीही चालते, दोन्ही टोकांना तार बांधून घ्यायची. मुदत संपलेल्या एटीएम कार्डातून उत्तम हॉर्न कापता येतो. पंखांसाठी निवडणुकीच्या फलकांची पोकळ नळ्यांची प्लास्टिकची शीट असते. निवडणूक आटोपली की तिचा आमच्या भागात तुटवडा नसतो.

हापशाचे गणित

तार कुठल्या भोकात अडकवायची, इथून खरे काम सुरू होते. आर्मला चार भोके, हॉर्नला चार भोके. मुलांना वाटते, कुठलेही चालेल. चालत नाही.

गावातला हापसा आठवा. आपल्याकडे सर्वत्र दिसणारा इंडिया मार्क टू हापसा सोलापूरच्या पंपावरून घडवला गेला. त्याच्या दांड्याचे प्रमाण आठास एक असते. दांडा आठ इंच खाली आला की आतली सळई एकच इंच उचलली जाते, पण आठपट जोराने. म्हणून दहा वर्षांची पोरसुद्धा खोलवरचे पाणी वर आणते. अंतर गमवायचे आणि जोर कमवायचा, हा तो सौदा.

सर्वोची तार आर्मच्या आतल्या भोकात आणि हॉर्नच्या बाहेरच्या भोकात अडकवली की हाच सौदा होतो. समजा, आर्मचे भोक मध्यापासून १० मिलिमीटरवर आहे आणि हॉर्नचे बिजागरीपासून २० वर. सर्वो ४५ अंश फिरला तर तार सुमारे ७ मिलिमीटर सरकते आणि झडप साधारण २० अंश वळते. शिकाऊ विमानाला एवढे भरपूर झाले. याच्या उलट, आर्मवर २० आणि हॉर्नवर १० घेतले, तर तार १४ मिलिमीटर सरकू बघेल आणि हॉर्न तेवढा फिरूच शकणार नाही. मग सर्वो अडून तापेल, नाही तर कडी मोडेल.

दुसरा फायदा याहून मोठा. कितीही नेटके भोक पाडले तरी तारेत नि भोकात केसभर जागा राहतेच. आमचे गॅरेजवाले त्याला 'प्ले' म्हणतात. हॉर्न आखूड असला की तो केसभर प्ले झडपेच्या कडेला चांगला दोन-तीन मिलिमीटरचा होऊन दिसतो. हॉर्न लांब असला की निम्मा होतो. हे नुसते नीटनेटकेपणासाठी नाही. ढिली झडप वेगात वाऱ्याने थरथरू लागते. वरून भुंग्यासारखा घूं आवाज येतो आणि काही सेकंदांत झडप बिजागरीतून फाटून निघू शकते. या थरथरीला फ्लटर म्हणतात. तो आवाज ऐकू आला की मोटर लगेच कमी करायची, विमान उतरवायचे आणि जोडणी घट्ट केल्याशिवाय पुन्हा उडवायचे नाही.

ओढणे आणि ढकलणे

कासरा फक्त ओढतो. विमानातली पुशरॉड ओढतेही आणि ढकलतेही, आणि खोड आहे ती ढकलण्यात. बारीक लांब तार टोकाने ढकलली की ती सरकण्याऐवजी मधे कमानीसारखी वाकते. जमिनीवर वाकत नाही, कारण तिथे झडपेवर वारा नसतो. आकाशात, विमान सूर मारत असताना नाक वर उचलायला जावे आणि तार नेमकी तेव्हाच वाकावी. रिमोटची कांडी पूर्ण मागे ओढलेली आणि झडप जागच्या जागी!

याचे गणित अठराव्या शतकात ऑयलर या गणितज्ञाने मांडून ठेवले आहे. काठीची बिनआधाराची लांबी निम्मी केली तर तिला वाकवायला चौपट जोर लागतो. म्हणून तार मधोमध एका छोट्या नळीतून ओवून घ्यावी. पेनची रिकामी रिफिलही चालते. एका आधाराने चौपट बळकटी मिळते, तीही फुकटात.

शिकाऊ वैमानिक ज्यावर हात बसवतात त्या सेस्ना १७२ सारख्या विमानात ढकलण्याची भानगडच ठेवलेली नाही. तिथे पोलादी दोर कप्प्यांवरून फिरवलेले असतात. एक दोर एका बाजूला ओढतो, दुसरा दुसऱ्या बाजूला. म्हणजे खरोखर बैलजोडीचे दोन कासरेच. त्या विमानाची आणखी एक मौज अशी, की एलेरॉन वर जाते २० अंश, पण खाली जाते १५ च. खाली गेलेले एलेरॉन हवेला जास्त अडवते आणि विमानाचे नाक भलतीकडे ओढते, म्हणून त्याला कमी मोकळीक. छोट्या विमानात आर्म थोडा तिरका बसवून हाच परिणाम साधता येतो.

आधी हाताने, मग बटणाने

माझा भाचा बारामतीत अभियांत्रिकी शिकतो. गेल्या उन्हाळ्यात तो सव्वा किलोचे विमान घेऊन माझ्याकडे आला. पहिल्या दिवशी एलिव्हेटर थोडे खाली झुकलेले होते. त्याने रिमोटवरची ट्रिमची बटणे दाबून दाबून ते सरळ केले.

"झालं की सरळ, मामा."

"सरळ दिसतंय. आता कांडी पूर्ण मागं घे, मग पूर्ण पुढं कर. आणि पट्टीनं मोज."

त्याने मोजले. झडप एका बाजूला भरपूर जात होती, दुसरीकडे जेमतेम. हिशेब साधा आहे. दोन्हीकडे वीस-वीस अंशांची मोकळीक होती, त्यातले आठ अंश सरळ करण्यातच खर्ची पडले; मग एका बाजूला उरले बारा आणि दुसरीकडे झाले अठ्ठावीस. आकाशात ज्या दिवशी वीसची गरज पडेल, त्या दिवशी बारावरच भागवावे लागणार.

म्हणून क्रम ठरलेला असावा. सर्वांत आधी मोटरवरचा पंखा काढून बाजूला ठेवायचा. मोटर चुकून फिरली तर बोटे जातात. मग रिमोट सुरू करायचा, ट्रिम शून्यावर आणायचे आणि त्यानंतर विमानाची बॅटरी जोडायची. सर्वो आपोआप मध्यावर येतो. आता आर्म काढून तारेशी काटकोनात बसवायचा. सर्वोच्या दांडीला बारीक दाते असतात, त्यामुळे अगदी नव्वद अंश जमतीलच असे नाही. सर्वांत जवळचा दाता धरायचा. हॉर्नची भोके बरोबर बिजागरीच्या रेषेवर यावीत. मागे-पुढे झाली तर झडप एकीकडे जास्त आणि दुसरीकडे कमी जाते. झडप आइस्क्रीमच्या दोन काड्यांमध्ये धरून, कपड्यांचे चिमटे लावून, पंखाच्या रेषेत पक्की करायची. मग क्लेव्हिस आट्यांवर फिरवत तारेची लांबी अशी जुळवायची, की कडी भोकात आपसूक पडावी, ओढूनताणून नव्हे. एवढे झाल्यावर जो अर्धा-एक अंश उरेल तो खुशाल बटणाने काढावा. बटण शेवटच्या चिमूटभर मिठासाठी असते. भाजी कच्ची असेल तर मिठाने ती शिजत नाही.

भाच्याला पुन्हा सगळे सोडून बांधायला दोन तास लागले. पहिल्याच उड्डाणात विमान हात सोडताच सरळ गेले. मग मात्र स्वारी मलाच ट्रिमवर व्याख्यान देऊ लागली. असो.

उजवे म्हणजे उजवेच ना?

शेवटची तपासणी सर्वांत सोपी आणि तीच सर्वांत जास्त वेळा राहून जाते. विमानाच्या मागे उभे राहायचे. कांडी उजवीकडे नेली की उजवे एलेरॉन वर गेले पाहिजे, डावे खाली. कांडी मागे घेतली की एलिव्हेटर वर. रडर ज्या बाजूला सांगितला त्याच बाजूला. लक्षात ठेवायची एक खूण अशी : कांडी मुठीत धरली आहे आणि अंगठा सरळ वर आहे असे समजा. कांडी ज्या बाजूला झुकेल, अंगठाही त्याच बाजूच्या पंखाकडे कलेल. त्या पंखाचे एलेरॉन वर.

ही तपासणी विमान करणाऱ्याने एकट्याने करू नये. त्याला जे व्हायला हवे तेच दिसते. आम्ही भाच्याच्या धाकट्या बहिणीला विमानामागे बसवले. सातवीतली पोर, काय हलते ते मोठ्याने सांगायचे, एवढेच तिचे काम.

"उजवीकडे," भाचा म्हणाला.

"उजवं खाली गेलं, दादा."

"वर गेलं असेल. नीट बघ."

"खालीच गेलंय. तू ये की बघायला."

भाचा उठला, बघितले आणि गप्प बसला. रिमोटच्या स्मरणात त्याच्या आधीच्या विमानाची मांडणी निवडलेली होती. त्यात एलेरॉनची दिशा उलटी. तसेच उडवले असते तर विमान उजवीकडे सांगितल्यावर डावीकडे कलले असते, सावरायला जावे तेवढे जास्त कलले असते. सगळा खेळ तीन-चार सेकंदांचा.

पोरखेळातली चूक म्हणून हे सोडून देऊ नका. दुसऱ्या महायुद्धातले प्रसिद्ध लँकेस्टर विमान ज्यांनी रेखाटले ते रॉय चॅडविक २३ ऑगस्ट १९४७ रोजी इंग्लंडमध्ये वुडफर्ड येथे ट्यूडर या नव्या विमानाच्या चाचणीत मरण पावले. दुरुस्तीत एलेरॉनचे दोर उलटे जोडले गेले होते. आयुष्यभर विमाने रेखाटलेला माणूस दोन दोरांच्या अदलाबदलीने गेला. एवढ्यावर जगाने धडा घेतला असेल असे वाटते; पण ११ नोव्हेंबर २०१८ रोजी पोर्तुगालमध्ये एअर अस्ताना कंपनीचे एम्ब्राएर विमान देखभालीनंतर उडाले तेव्हा त्याचेही एलेरॉनचे दोर उलटेच होते. दीड तास ते आभाळात कलंडत राहिले. वैमानिकांनी अखेर ते बेजाच्या तळावर उतरवले आणि आतले सहाही जण वाचले. म्हणूनच वैमानिकांना उड्डाणाआधी दांडा हलवून, मान वळवून, झडप मोकळी आहे ना आणि योग्य दिशेला जाते ना, हे डोळ्यांनी पाहायला शिकवतात.

दोर बरोबर असला तरी तो सुटता कामा नये. १६ फेब्रुवारी २००० रोजी अमेरिकेत सॅक्रामेंटोजवळ एमरी वर्ल्डवाइडचे डीसी-८ मालवाहू विमान उड्डाण करताच कोसळले आणि तिघेही कर्मचारी मृत्यू पावले. एलिव्हेटरच्या छोट्या झडपेचा दांडा निसटला होता. त्याचा बोल्ट नीट बांधलेला नव्हता. आपल्या विमानात तो बोल्ट म्हणजे क्लेव्हिसची कडी. ती उघडू नये म्हणून तिच्यावर रबराचे छोटे कडे चढवतात. सायकलच्या दुकानातली व्हॉल्व्ह ट्यूब त्यासाठी नामी. तिचा पाव इंचाचा तुकडा कापून कडीवर सरकवला की झाले.

कुठे उडवायचे?

सव्वा किलोचे विमान ताशी ६० किलोमीटरने येऊन आदळले, तर ते चार मजली इमारतीच्या गच्चीवरून टाकलेल्या सव्वा किलोच्या वजनाइतके लागते. गळिताच्या हंगामात उसाच्या फडात तोडणी कामगार असतात, जवळच त्यांच्या कोप्या असतात, कोप्यांपुढे लेकरे खेळत असतात. तिथे विमान काढायचे नाही, हा माझा पहिला नियम. ज्वारी निघून गेलेले मोकळे रान, सकाळची वेळ, वारा पडलेला, हे उत्तम.

विमानतळाजवळ तर नाहीच. २०२१ च्या ड्रोन नियमांत विमानतळाच्या हद्दीपासून बारा किलोमीटरच्या पट्ट्यावर बंधने आहेत आणि मानवरहित विमान म्हणजे केवळ चार पंख्यांचे ड्रोन नव्हे. आधी सरकारी नकाशा आणि नोंदणीचे नियम पाहावेत, मगच विमान बाहेर काढावे. कडबनवाडीच्या गवताळ माळावर चिंकारा आहेत, भिगवणला उजनीच्या पाण्यावर रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. तीही आपल्या खेळाची जागा नव्हे.

अलीकडे पालक विचारतात, "सर, आता शेतात फवारणीचे ड्रोन आले. त्यांना ना झडपा, ना तारा. मग पोरांनी हे जुने कशाला शिकायचे?" प्रश्न बरोबर आहे. त्या ड्रोनला आत बसलेला छोटा संगणक सावरतो, पंख्यांचा वेग कमी-जास्त करून. पोराला ते उडवायला जरूर शिकवा. पण त्यात काय बिघडले ते बोटाने चाचपून कळत नाही. तारेच्या विमानात कळते. प्ले हाताला लागतो, वाकलेली तार डोळ्याला दिसते, अडलेला सर्वो कानाला ऐकू येतो. बारा-चौदा वर्षांच्या मुलाला कारण आणि परिणाम इतक्या जवळ ठेवून दाखवणारी वस्तू मला दुसरी फारशी माहीत नाही.

तेव्हा तुमच्या घरी असे विमान तयार होत असेल, तर घरातल्या मोठ्यांनी एक काम अंगावर घ्यावे. त्यासाठी विमानाचे काहीही कळावे लागत नाही. उड्डाणाआधी विमानामागे बसावे आणि तीन गोष्टी विचाराव्यात : प्रत्येक झडप हाताने हलवून पाहिलीस का? कडीवर रबर चढवलेस का? आणि कांडी उजवीकडे ने, कुठली बाजू वर जाते ते मला सांगू दे. तिन्हींची उत्तरे मिळाल्याशिवाय पंखा बसवू देऊ नये. मुले कुरकुरतील, पाच मिनिटांचा उशीर होईल. तेवढा होऊ द्यावा.